रोलर ओढणाऱ्याचा ताप : करोना, क्रिकेट आणि आपलं वऱ्हाड

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा बसमध्ये इयरफोन विसरलात, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" कापलेत. बरेच होते.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. खेळाडू हा कामगार असतो का? मैदान ही कामाची जागा असते का? आणि त्या कामाच्या जागेवर विषाणू शिरला तर जबाबदारी कोणाची? इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. पण फेब्रुवारी २०२१ सुद्धा आता इतिहासच झाला, आणि त्याचं एक पान थेट अमरावती-अकोल्यात लिहिलं गेलंय. त्यात मी होतो, अगदी कोपऱ्यात.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. कॉलेज बंद. टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये स्कोअर लिहायचो आणि मोबाईलवरून यूट्यूबला लाईव्ह लावायचो. दिवसाचे पाचशे रुपये. माझे मामा अकोल्याचे, तेव्हा बावन्न वर्षांचे. पिच करायचे. पाणी मारणं, रोलर ओढणं, चुन्याच्या रेघा, सगळं तेच. त्यांना कोणी क्युरेटर म्हणत नव्हतं. "ते पिचवाले" एवढीच ओळख.

जानेवारी संपता संपता अकोल्याजवळच्या एका मैदानावर टुर्नामेंट लागली. करोना गेला असंच सगळ्यांना वाटत होतं. १५ जानेवारीला ग्रामपंचायतीच्या निवडणुका होऊन गेलेल्या, गुलाल उधळून झालेला, लग्नं सुरू झालेली. मास्क हनुवटीवर. फायनलच्या सकाळी मामा रोलरला टेकून उभे होते. हात लावला तर अंग तापलेलं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही घरी जा. मी आयोजकाले सांगतो."

मामा म्हणाले, "पोट्ट्या, चुप राय. आज फायनल हाय. घरी गेलो त तीन दिसाचे पैसे कोन देईन मले?"

पैसे फायनल झाल्यावरच मिळणार होते, सगळ्या दिवसांचे एकदम. आयोजकाला मी सांगितलं नाही. मामा गेले असते तर मॅच उशिरा सुरू झाली असती, आणि माझेही पाचशे अडकले असते. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी मोठमोठ्या लोकांबद्दल बोलेन तेव्हा मी धुतल्या तांदळासारखा आहे असं तुम्हाला वाटायला नको.

चार दिवसांनी मामांना सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लागला. अकरा दिवस. वाचले. पण रोलर पुन्हा ओढता आला नाही. चार पावलं चालले की दम लागायचा. आयोजकानं पैसे दिले, नाही असं नाही. टुर्नामेंटचे तेवढे दिले. दवाखान्याचं विचारलं तर म्हणाला, ते काय आमच्या नोकरीत होते का?

हा प्रश्न मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतोय. खरंच, ते कोणाच्या नोकरीत होते?

आता जरा मागे जाऊ. लांब. १९१८ ला.

१० जून १९१८. मुंबईत सात पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात दाखल झाले. त्यातला एक गोदीवर ड्युटीला होता. मुंबईचे तेव्हाचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी पुढचा क्रम लिहून ठेवलाय : जहाज कंपनीचे लोक, मग पोर्ट ट्रस्टचे, मग बँकेचे, तारखात्याचे, टांकसाळीतले, मग कापड गिरणीतले. नीट बघा, ही यादी घरांची नाहीये, कामाच्या जागांची आहे. तो इन्फ्लुएंझा शहरात शिरला तो हजेरीपटावरून. कारण तेव्हाही ताप आला म्हणून घरी बसलं की पगार जायचा.

मग तो रेल्वेत बसला. मुंबई-भुसावळ-अकोला-बडनेरा-नागपूर, आपली नेहमीची लाईन. पावसाळ्यानंतरची दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर होती, आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातल्या सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या प्रांतांपैकी एक. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या जवळपास जिथल्या तिथं राहिली. दहा वर्षं पोरं जन्मत होती, आणि तरी आकडा हलला नाही. हे आपल्याला शाळेत कोणी शिकवलं नाही. मला तर नाही.

परत २०२१ ला या. फेब्रुवारीत सगळा देश निवांत आणि अमरावतीचे आकडे मात्र वर. आधी शनिवार-रविवारची संचारबंदी, मग २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवड्याचा लॉकडाऊन, तो पुढे ८ मार्चपर्यंत वाढला. अकोला जिल्ह्यातही तसेच निर्बंध आले. टीव्हीवाले अमरावतीचं नाव घेत होते, म्हणजे आपण एकदाचे नॅशनल न्यूजमध्ये आलो ते असे. २४ मार्चला केंद्र सरकारनं सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र असलेला विषाणू डिसेंबरपेक्षा वाढलेला दिसतोय. त्याच कुळातल्या एका भावाला ३१ मे ला जागतिक आरोग्य संघटनेनं नाव दिलं : डेल्टा.

आता खेळ बघा. मार्चच्या शेवटी पुण्याजवळ गहुंज्याला भारत-इंग्लंडच्या तीन वनडे झाल्या, रिकाम्या स्टेडियममध्ये. एप्रिलच्या सुरुवातीला वानखेडेवर आयपीएलची तयारी सुरू होती, आणि बातमी आली की तिथले आठ ग्राउंड्समन पॉझिटिव्ह. नंतर आणखी दोन. पण १० एप्रिलला पहिली मॅच ठरल्याप्रमाणे झाली. १४ एप्रिलच्या रात्रीपासून महाराष्ट्रात संचारबंदी लागली, माझ्या घरासमोरचा सलूनवाला शटर पाडून बसला, आणि वानखेडेवर २५ एप्रिलपर्यंत मॅचेस होत राहिल्या. त्याच शेवटच्या दिवशी जडेजानं हर्षल पटेलला झोडपलं, एका ओव्हरमध्ये ३७ रन गेले. मी बघत होतो. ओरडलोसुद्धा. मामा आतल्या खोलीत पालथे झोपलेले, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं की पालथं झोपलं की ऑक्सिजन वाढतो.

मग लस. इथं वाद सुरू होतो, आणि तो मला सोपा वाटत नाही.

देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचारी आणि पहिल्या फळीतले लोक. १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि आजार असलेले पंचेचाळीशीच्या पुढचे. १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढचे सगळे. अठराच्या पुढच्यांना १ मे पासून, तेही कागदावर, कारण डोसच नव्हते. एप्रिलच्या सुरुवातीला बोर्डाच्या बाजूनं असा सूर निघाला की खेळाडूंना लस मिळावी यासाठी सरकारशी बोलू. राज्य सरकारचं उत्तर होतं की वयाचा नियम आमच्या हातात नाही.

तेव्हा मला राग आला होता. पंचवीस वर्षांचा तगडा पोरगा रांगेत पुढे घुसणार, आणि माझ्या बावन्न वर्षांच्या मामाची पाळी येईपर्यंत ते आजारी पडूनसुद्धा झाले. पण आता विचार केला तर दुसरी बाजूही दिसते. तो पोरगा दोन महिने हॉटेल-बस-ड्रेसिंग रूम करत चार शहरांत फिरणार. त्याला काम करायला लावायचं असेल तर संरक्षण द्या, नाहीतर काम थांबवा. खाण कामगाराला हेल्मेट देतो तसंच. आम्ही दोन्ही केलं नाही. लस दिली नाही, कारण रांग. खेळ थांबवला नाही, कारण करार. त्याच्याऐवजी बबल दिला.

बबल म्हणजे काय तर भिंत. आणि भिंतीला दार असतंच. कोणीतरी जेवण आणतं, कोणीतरी बस पुसतं, कोणीतरी पिचवर पाणी मारतं. ३ मे २०२१ ला कोलकात्याचे वरुण चक्रवर्ती आणि संदीप वॉरियर पॉझिटिव्ह निघाले. वरुण खांद्याच्या स्कॅनसाठी बबलच्या बाहेर जाऊन आला होता. त्याच दिवशी चेन्नईच्या गोटातले कोच बालाजी आणि बस साफ करणारा एक माणूस. बालाजींचं नाव सगळ्यांना माहीत झालं. दुसऱ्याला बातमीत नावच नव्हतं, "बस क्लीनर" एवढंच. ४ मे ला साहा आणि अमित मिश्रा पॉझिटिव्ह, आणि स्पर्धा थांबली. ६० पैकी २९ मॅचेस झाल्या होत्या.

एक गोष्ट विज्ञानाची, लवकर आटोपतो. विषाणू मैदानावर कमी आणि खोलीत जास्त पसरतो. उघड्यावर हवा फिरते, बसमध्ये ती तीच हवा सगळे घेतात. हा विषाणू हवेतून जातो हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट लिहीपर्यंत एप्रिल २०२१ संपत आला होता. तोवर आपण चेंडूला थुंकी लावायची बंदी घालून समाधानी होतो. ती बंदी जून २०२० ची. चूक नव्हती, पण धोका बॉलवर कमी आणि ड्रेसिंग रूमच्या बंद खिडकीत जास्त होता. खेळाखेळातही फरक आहे. क्रिकेटमध्ये स्लिपचे फिल्डर सोडले तर माणसं लांब उभी असतात. कबड्डीत रेडर समोरच्याच्या तोंडापाशी जाऊन दम लागेपर्यंत "कबड्डी कबड्डी" म्हणतो. विषाणूनं स्वतः खेळ शोधला असता तर हाच शोधला असता. कुस्तीचं तर विचारूच नका. जानेवारी २०२० ला हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला, आणि पुढची गदा थेट एप्रिल २०२२ ला साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलच्या खांद्यावर गेली. मधली दोन वर्षं दंगली नाहीत, म्हणजे इनाम नाही. खुराक मात्र रोजचाच.

म्हणूनच "खेळ बंद करायला पाहिजे होता, विषय संपला" असं मी म्हणत नाही. राजस्थानचा बॉलर चेतन साकारिया आठवा. गरीब घरातला पोरगा, पहिलाच सीझन. स्पर्धा थांबली, तो घरी गेला, आणि ९ मे ला त्याचे वडील करोनानं वारले. त्याचं म्हणणं होतं की आयपीएल बंद करा म्हणणाऱ्यांना काय सांगू, घरात कमावणारा मी एकटा, आणि वडिलांचा इलाज या पैशातूनच चालला होता. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू टाय परत जाताना विचारत होता की लोकांना बेड मिळत नाहीत तिथं फ्रँचायझी एवढा पैसा कसा खर्च करतात. दोघंही खरं बोलत होते. कोणाची बाजू घ्याल? मी आजही घेऊ शकत नाही.

आणि ज्यांचा खेळ खरंच बंद झाला त्यांचं काय झालं? ३० जानेवारी २०२१ ला ठरलं की यंदा रणजी नाही. १९३४-३५ ला सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. आपल्या विदर्भानं २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोनदा ती जिंकलेली, म्हणजे रणजी आपल्याकडे परकी गोष्ट नाही. तेव्हा खेळाडूला दिवसाला ३५,००० रुपये मॅच फी होती. मॅच नाही तर फी नाही. करारबद्ध पगार फक्त भारतीय संघाच्या मोजक्या लोकांना. भरपाई जाहीर झाली सप्टेंबर २०२१ ला : आधीच्या सीझनला खेळलेल्यांना ५० टक्के जादा मॅच फी. उशिरा का होईना, दिली. म्हणजे बोर्डानं मान्य केलं की काम बुडालं तर कामगाराचं काहीतरी देणं लागतं. स्कोअरर, पिचवाला, चहावाला या वाक्यात बसले नाहीत.

लसीची सक्ती. जानेवारी २०२२ मध्ये जोकोविचला ऑस्ट्रेलियातून परत पाठवलं, ते तुम्ही रील्समध्ये पाहिलंच असेल. न्यूयॉर्कमध्ये बास्केटबॉलचा कायरी आयर्विंग लस घेत नाही म्हणून मार्च संपत येईपर्यंत घरच्या मैदानावर खेळू शकला नाही, पण बाहेरगावचा लस न घेतलेला खेळाडू येऊन तिथंच खेळू शकत होता. नियम करणाऱ्यांनी हे कोणत्या चहावर बसून ठरवलं देव जाणे. आपल्याकडे २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कोणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही, शरीर ज्याचं त्याचं. पण सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात निर्बंध घालता येतील.

माझं मत विचाराल तर लस घ्यावीच. ती जीव वाचवते, दवाखान्यापासून लांब ठेवते. पण ती संसर्ग पूर्ण थांबवत नाही, ओमायक्रॉननंतर तर हे उघडच झालं. त्यामुळे "तुझ्यामुळे दुसऱ्याला होईल" हा सक्तीचा मुद्दा २०२१ च्या मध्याला जितका जोरदार होता तितका २०२२ ला उरला नाही. मुद्दा तोच ठेवून तारीख बदलली की वजन बदलतं, हे वाद घालणारे विसरतात. मीपण विसरलो होतो.

हे मला शिकवलं मामांनी. जूनमध्ये लस मिळायला लागली, मी म्हटलं चला. आले नाहीत. मला वाटलं व्हॉट्सॲपवरचं काहीतरी वाचलं असेल. चिडलो, चार शब्द बोललो. तेव्हा ते तुरीच्या शेतावर राखणीला जात होते, रोजानं. म्हणाले, "मले सुईचं भेव नाई वाटत. सुई घेतली अन् दोन दिस ताप आला त रोजी जाते. दवाखान्यात आधीच बम खर्च झाला बाप्पा."

शेवटी मामीनं शेतमालकाशी बोलून दोन दिवसांची रोजी कबूल करून घेतली, आणि मामांनी दुसऱ्याच दिवशी लस घेतली. कारखान्यातल्या विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात, ही सोय १९४८ च्या कायद्यानं सुरू झाली. पिचवाल्यासाठी दोन दिवसांची तजवीज मामीला करावी लागली.

आता एक मॅच. २० एप्रिल २०२२. महाराष्ट्रातले निर्बंध गुढीपाडव्याला उठले होते, बहुतेक मोठ्या माणसांचे दोन डोस झाले होते. दिल्लीच्या संघात फिजिओपासून सुरुवात होऊन मिचेल मार्शपर्यंत बरेच लोक पॉझिटिव्ह निघाले, म्हणून पंजाबविरुद्धची मॅच पुण्याहून मुंबईत ब्रेबॉर्नला हलवली. त्या दिवशी सकाळी दिल्लीचा टिम सायफर्ट पॉझिटिव्ह. मॅच होणार की नाही हे संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. झाली. पंजाब ११५ वर गारद, आणि त्यात सगळ्यात जास्त ३२ रन कोणाचे? अमरावतीच्या जितेश शर्माचे. पंजाबच्या त्याच स्क्वाडमध्ये अकोल्याचा अथर्व तायडे होता. वर्षभरापूर्वी ज्या दोन जिल्ह्यांचं नाव घेतलं की लोक दोन पावलं मागे सरकायचे, तिथली दोन पोरं त्या संघात.

एक वर्षापूर्वी मोजक्या पॉझिटिव्हवर स्पर्धा थांबली होती, यंदाही बरेच निघाले आणि फक्त मैदान बदललं. मधे काय घडलं? लस. मला वाटतं तिची सगळ्यात चांगली जाहिरात तीच रात्र होती, कोणी केली नाही एवढंच. त्या सीझनच्या शेवटी बोर्डानं सहा मैदानांच्या क्युरेटर आणि ग्राउंड्समनसाठी सव्वा कोटींचं बक्षीस जाहीर केलं. मला आनंद झाला, खरंच. पण बक्षीस म्हणजे मर्जी. मामा असते तर त्यांनी हेच विचारलं असतं की ताप आल्यावर काय.

मामा आहेत बरं का. ठणठणीत नाहीत, पण आहेत. ती मॅच आम्ही दोघांनी माझ्या मोबाईलवर पाहिली. जितेशनं शॉट मारला तसा मी उठलो. मामा स्क्रीनकडे वाकून बघत होते. मला वाटलं रिप्ले बघतायत. म्हणाले, "पिच सुकं ठेवलं यायनं. रातच्याले दव पडते म्हून."

एवढंच होतं आज. तुमच्यापैकी कोणी २०२१ मध्ये मैदानावर काम केलं असेल, अंपायर, स्कोअरर, पिचवाला, मांडववाला, काहीही, तर व्हॉइस नोट पाठवा. वऱ्हाडीत पाठवली तर अजून बरं. पुढच्या भागात त्या ऐकवतो.